पाटीवरचे पाटील

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१२ जानेवारी २०२४

आत्या, जय भीम.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, कारण पप्पा शेजारच्याच खोलीत आहेत. म्हणून पत्र.

आपल्या 'फोल्डो'ची वाट लागायची वेळ आलीय. बंगळुरूच्या एका कंपनीची नोटीस आली. त्यांचं म्हणणं, या नावासारखंच नाव त्यांनी आपल्याआधी नोंदवलंय, तेव्हा तुमच्या अकराही दुकानांवरून ते उतरवा. आपल्या वकील माधुरीताईंनी कागद बघितले आणि सरळ सांगितलं की यात आपण हरणार. ठीक आहे. 'फोल्डो' गेलं तर मला रडू येणार नाही. पण त्याच कंपनीने 'दुमड' हा शब्दसुद्धा स्वतःच्या नावावर करून घ्यायला अर्ज टाकलाय. म्हणजे गरम भाकरी दुमडून आत झुणका आणि ठेचा घालून द्यायचा, आणि त्याला दुमड म्हणायचं नाही. आजीने आयुष्यभर जे विकलं, ते आपण विकायचं नाही. हे मी होऊ देणार नाही, आत्या. गेल्या वर्षी पप्पांनी धंद्याचं हे काम माझ्याकडे दिलं, ते काय फक्त पोस्टर छापायला?

माधुरीताई म्हणतात, आपण हा शब्द कधीपासून वापरतोय ते दाखवा. जुना फोटो, परवाना, काहीही. मी घर पालथं घातलं. घाटकोपरच्या पहिल्या गाळ्याचा १९९९चा परवाना मिळाला, 'मथुरा किसन खिल्लारे' या नावाचा. आणि एक फोटो मिळाला. त्यात तू आणि पप्पा दुकानासमोर उभे आहात. आजी नाहीये. वर पाटी आहे, 'पाटील दुमड केंद्र'.

पाटील कोण?

पप्पांना विचारलं तर म्हणाले, भागीदार होता, वारला, जाऊ दे. लहानपणी पप्पा मला घाटकोपरच्या दुकानावर कधी नेत नव्हते, पण मी सत्तावीस वर्षांची झाले, या माणसाचं नाव आपल्या घरात एकदाही ऐकलं नाही. तू सगळं पहिल्यापासून लिही ना. तुला तारखा लक्षात राहतात.

तुझी सपना


हिंगोली
२१ जानेवारी २०२४

सपना बाळा,

पत्र मिळालं. तुझं अक्षर मायसारखं दिसतं असं लिहिणार होते, पण मायला लिहिता कुठं येत होतं. तिचा हात आठवला, एवढंच.

पहिल्यापासून सांगते. बाबांची मरोळची कंपनी बंद पडली १९९० साली. त्याच औद्योगिक वसाहतीत घड्याळाचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या फाटकाबाहेर माय बसायला लागली. परातीत भाकरी आणि पातेल्यात झुणका. पण तिथं खाणाऱ्याला टेकायला जागा नव्हती, मागं उघडं गटार. आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची. एक कामगार पोरगी होती, तिचे हात सदा तेलकट. ती म्हणाली, मावशी, कागदात धरून उभ्यानं खाता येईल असं काही द्या. मायनं गरम भाकरी दुमडली, आत झुणका भरला, अर्धा कागद गुंडाळला आणि दिली.

ज्वारीची भाकरी दुमडली की मोडते, हे तुला माहीत आहे. मायनं आठ दिवस घरी खटपट केली. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, पातळ थापायची, तव्यावरून काढल्या काढल्या ओल्या फडक्यात ठेवायची. मग मोडेना. पुढं सुकटीची केली, अंड्याची केली. लोक आधी म्हणायचे, मावशी, दुमडून द्या. मग म्हणायला लागले, एक दुमड द्या. मायनं नाव ठेवलंच नाही. गिऱ्हाइकांनी ठेवलं. वसाहतीत सगळे 'मथुराची दुमड' म्हणायचे. पाटी नव्हती, पाटीची गरजही नव्हती.

नऊ वर्षं ती तिथं बसली. मग घाटकोपरला गाळा मिळाला. तिथून पुढचं तुला अंबादासनं सांगितलं असेलच.

पाटलांचं मला आता नीट आठवत नाही. अंबादास म्हणतो तसंच असेल. वकीलबाईंना तेच सांग. जुनं फार उकरू नये, बाळा. ज्या कामाला लागलीस ते काम कर.

गुडघ्यांना बरं आहे. विहारातल्या महिला मंडळाचं काम चालू आहे.

तुझी आत्या शकुंतला


कांदिवली
९ फेब्रुवारी २०२४

आत्या,

वर पत्ता बघून दचकू नकोस. मी श्रुतिकाकडे आहे. कॉलेजपासूनची मैत्रीण, तू तिला ओळखतेस. घर सोडलं नाहीये, पण सध्या तिथे राहू शकत नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी माधुरीताईंना भागीदाराची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, भागीदारीचा कागद कुठे आहे? त्यांचं पूर्ण नाव काय? वारस कोण? हे सगळं शपथेवर सांगायचं आहे. समोरची कंपनी पहिल्याच फटक्यात म्हणेल की दुमड या पाटलांची होती, खिल्लारेंचा काय संबंध? खोटं निघालं तर शब्दही जाईल आणि तुमची अब्रूही.

मी घरी येऊन पप्पांना पुन्हा विचारलं. त्यांनी टीव्हीवरून नजर हलवली नाही. मग मी बोलत गेले. मी म्हटलं, तुम्ही दुकानांच्या भिंतीवर कोल्हापूरच्या मळ्यातल्या आजीची गोष्ट छापलीत. आपलं कोल्हापुरात कोण आहे? त्या चित्रातल्या बाईला नऊवारी आणि एवढी मोठी नथ. आजीने जन्मात नथ घातली नाही. सुकटीची दुमड तुम्ही बंद केलीत, का तर वास येतो. दुकानातली पोरं तुम्हाला ए. के. सर म्हणतात, आडनाव कुणाला माहीत नाही. आणि त्याआधी बारा-तेरा वर्षं पाटील. आणि मग मी म्हटलं, तुम्हाला तुमच्या आईची लाज वाटते.

त्यांनी टीव्ही बंद केला. चप्पल घातली आणि मरोळच्या दुकानात निघून गेले. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, आत्या. नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

मी मागे हटणार नाही. त्या खोट्या कागदावर मी सही करणार नाही. मुलुंडची तीन दुकानं निलेश चालवतो, त्याचा फोन आला होता की मॅडम, भानगड नको, काहीतरी झकास इंग्लिश नाव शोधा आणि मोकळे व्हा. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं.

तू दर वर्षी चौदा एप्रिलला तिकडे स्टेजवर उभी राहून सांगतेस ना, नाव लपवू नका, आडनाव बदलू नका, त्यासाठी कुणी काय काय सोसलंय ते आठवा. मी सातवीत असताना तुझं ते भाषण ऐकलं होतं. मग तुझ्या भावाला दोन ओळी लिही की. तुझं ते ऐकतात.

सपना


हिंगोली
२० फेब्रुवारी २०२४

सपना,

पाटील नावाचं कुणी नव्हतं. ती पाटी मी लिहून घेतली. अंबादासनं नाही, मी.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले. आता बाकीचं लिहिता येईल.

१९९९ साली मी घाटकोपरला एका खासगी नर्सिंग होममध्ये नोकरी करत होते. समोरच्या इमारतीत तळमजल्याला गाळा रिकामा झाला. मायला उन्हातून उठवून सावलीत बसवायचं, हे माझंच डोक्यातलं. ती तयार नव्हती. मी हट्ट केला. मरोळच्या फाटकापाशी तिची जागा दुसऱ्या दिवशीच दुसऱ्यानं धरली, म्हणजे परत जायला जागा उरली नाही. अंबादासनं हौसेनं पाटी करून घेतली, कांजूरमार्गच्या नंदकुमार पेंटरकडून. 'खिल्लारे यांची दुमड'. निळ्यावर पांढरी अक्षरं. माय त्या अक्षरांवरून बोट फिरवून आली.

नऊ दिवस सगळं नीट चाललं.

वरच्या मजल्यावर एका व्यापाऱ्याचं कार्यालय होतं, तिथं रोज चाळीस दुमडी जायच्या. दहाव्या दिवशी त्यांचा शिपाई टोपली घेऊन खाली आला. चाळीसच्या चाळीस तशाच. बिचारा मान वर करेना. म्हणाला, साहेबांनी खिल्लारे म्हणजे कोण ते विचारून घेतलं, उद्यापासून नको म्हणालेत. माय त्याला म्हणाली, "गरम आहेत अजून. तुम्ही तरी खा." त्यानं खाल्ली नाही. टोपली ठेवून तो जिना चढून गेला.

मग दोन दिवसांत शेजारच्या दुकानांनीही घेणं थांबवलं. माझ्याबरोबरच्या दोन नर्सही थांबल्या, ज्या माझ्या डब्यातलं खायच्या. अंबादास तेव्हा लग्नकार्याला इकडं हिंगोलीला आला होता. मी एकटीच पेंटरकडं गेले आणि पाटील लिहायला सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, ताई, नक्की? मी हो म्हणाले. मायला सांगितलं की रंग फिका झाला होता, पुन्हा लिहून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. त्याचा मी फायदा घेतला.

चार दिवसांनी अंबादास परत आला. त्यानं पाटी बघितली आणि रॉकेलचा बोळा घेऊन स्टुलावर चढला. मी आडवी आले. त्या चार दिवसांत रस्त्यावरची नवी गिऱ्हाइकं यायला लागून विक्री परत सुरू झाली होती. मी म्हणाले, पूस, आणि उद्याच्या भाकरी तूच खा. तो खाली उतरला. त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

महिन्याभरानं एका गिऱ्हाइकानं मायला पाटीलबाई म्हणून हाक मारली. तिनं मागं वळून बघितलं, तिला वाटलं दुसरं कुणी उभं आहे. घरी येऊन तिनं मला विचारलं. मी खरं सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मग पाटीलबाईलाच बसव गल्ल्यावर. मी मागं भाकरी थापते." आणि दुसऱ्या दिवसापासून ती मागं गेली. पुढची बारा वर्षं, मरेपर्यंत, पुढं आली नाही. तुला वाटायचं आजी लाजरी होती. मरोळच्या फाटकावर दोनशे माणसांशी ती नावानिशी बोलायची.

ती गेल्यावर महिन्याच्या आत अंबादासनं पाटी उतरवली. तुला वाटतं त्याला इंग्रजीची हौस. त्याला पाटील उतरवायचे होते. मायचं नाव लाव म्हणून मी सांगू शकले असते. कोणत्या तोंडानं सांगणार? मग त्यानं 'फोल्डो' लावलं. नथ आणि कोल्हापूर त्याचं, ते मी माझ्यावर घेत नाही.

मला २००२ साली इकडं सरकारी नोकरी लागली. तेव्हापासून मी स्टेजवरून सांगते आहे की नाव लपवू नका. टाळ्या पडतात. इतक्या मोठ्यानं मी ते का सांगते, हे फक्त अंबादासला माहीत आहे. माझी इथली पत राहावी म्हणून त्यानं मेलेला भागीदार उभा केला, आणि तू बोललीस ते ऐकून घेतलं.

तू घरी जा. आधी घरी जा, मग मला काय बोलायचं ते बोल.

आत्या


मरोळ
४ मार्च २०२४

अक्का,

सपना घरी आली. तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि मी वाचत होतो तेवढा वेळ समोर बसून राहिली. नंतर म्हणाली, मी चुकीचं बोलले. मी म्हणालो, सगळंच चुकीचं नव्हतं.

तू लिहायला नको होतंस. पंचवीस वर्षं गेली होती, अजून गेली असती. पण लिहिलंस, तर माझंही ऐक.

पाटी तू लिहून घेतलीस. पण तिच्याखाली बसून धंदा मी केला. पाटीलशेठ म्हणून हाक आली की मी बघायचो. माय गेल्यावर पाटी उतरवली, तोवर ठीक. मग नव्या नावासाठी त्या जाहिरातवाल्यांकडे गेलो. त्यांनी फॉर्म दिला, त्यात रकाना होता, मूळ संस्थापकाचं नाव. मी 'मथुरा' लिहिलं. तो पोरगा म्हणाला, सर, आडनाव? पेन माझ्या हातात होतं, अक्का. तू तिथं नव्हतीस, घाटकोपरचं ते कार्यालयही उठून गेलं होतं, कुणाची भीती नव्हती. मी म्हणालो, आडनाव नको. मग त्यांनी चित्रात नथ काढली, मळा काढला, आणि मी सही केली. तेव्हा तुझ्यामागं लपू नये म्हणून हे लिहितोय.

आता पुढचं. नंदकुमार पेंटर भेटले. कांजूरमार्गलाच आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पण दोन्ही पाट्या त्यांना लख्ख आठवतात, रंगासकट. ते सांगायला तयार आहेत. वकीलबाई म्हणतात, पेंटरच्या जोडीला ज्या बाईने नाव बदलून घेतलं तिचंही प्रतिज्ञापत्र हवं, म्हणजे पाटील आणि खिल्लारे एकच हे पक्कं होईल. मी सपनाला बजावलं आहे की आत्याकडे हे मागायचं नाही. तुला तिथं चार लोकांत राहायचं आहे. तेव्हा तू काही करू नकोस.

आमचा एक सल्लागार आहे यज्ञेश म्हणून, हुशार पोरगा. तो म्हणतो दुमड सोडून द्या आणि नुसतं 'मथुरा' ठेवा. लोकांना तीर्थाचं गाव वाटेल, शुद्ध शाकाहारी वाटेल, एका फटक्यात सगळीकडे चालेल. खोटंही नाही, आजींचंच नाव आहे. खरं सांगतो, मला ते पटलं होतं. सपना त्याच्यासमोरच म्हणाली, "आजीचं अर्धं नाव घ्यायचं असेल तर मी या कामात नाही." यज्ञेश माझ्याकडे बघायला लागला.

अंबादास


हिंगोली
२७ मार्च २०२४

अंबादास आणि सपना, दोघांना,

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. नोटरीकडं जाऊन केलं. तुम्ही मागितलं नव्हतं म्हणून कोऱ्या कागदापासून मीच सुरुवात केली. काय घातलं आहे ते वाचा: 'पाटील हे आमचे आडनाव नव्हते आणि या नावाची कोणीही व्यक्ती आमच्या व्यवसायात नव्हती. लोक आमच्या हातचे खात नाहीत हे पाहून मी ते नाव लावले. दुमड ही माझी आई मथुरा किसन खिल्लारे हिने १९९० साली मरोळ येथे प्रथम तयार करून विकली.' नोटरी म्हणाले, मधलं वाक्य कायद्याला लागत नाही, काढू का? मी म्हणाले, राहू द्या.

अंबादास, मला लोकांत राहायचं आहे हे तू बरोबर लिहिलंस. म्हणून परवा पौर्णिमेला विहारात मी ते सगळ्यांना सांगितलं. कागद मुंबईला जाऊन मग इकडं कुजबूज येण्यापेक्षा माझ्या तोंडून आलेलं बरं. वंदना झाली, मी उठले, आणि टोपली परत आली तिथपासून मायनं मागं जाऊन भाकरी थापल्या तिथपर्यंत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई मध्येच उठून गेली, तिच्या मुलीला मीच आडनाव बदलण्यावरून फार बोलले होते. दुसरी म्हणाली, शकुबाई, मग आम्हाला एवढी वर्षं कशाला शिकवलंत? मंडळानं ठरवलं की यंदा चौदा एप्रिलला भाषण दुसरं कुणी करेल. बरोबर केलं. मी सतरंज्या घालायला जाईन.

घरी येऊन झोपले ती सकाळी सातला उठले. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

यज्ञेशला सांगा, पुरं नाव. त्याला काय वाटतं ते मला विचारू नका.

शकुंतला


घाटकोपर (पश्चिम)
५ जानेवारी २०२५

आत्या, जय भीम.

दुकानातूनच लिहितेय, मागच्या बाजूला पिठाच्या डब्यावर कागद ठेवून. म्हणून अक्षर असं.

तुला निकाल माहीत आहे, पण तो नीट सांगायचा राहिला होता. तुझा आणि नंदकुमार पेंटरांचा कागद दाखल झाल्यावर त्या कंपनीने दोन महिने काहीच हालचाल केली नाही. मग त्यांच्या वकिलांनी माधुरीताईंना फोन केला. आपण 'फोल्डो' सोडायचं, त्यांनी 'दुमड'वरचा अर्ज मागे घ्यायचा. माधुरीताई म्हणाल्या, तुझं ते मधलं वाक्य वाचल्यावर समोरच्या वकीलबाईंचा आवाज बदलला होता. मी तिथे नव्हते, त्यांनी सांगितलं ते लिहितेय.

नवं नाव 'मथुरा खिल्लारे यांची दुमड'. पाटीवर चित्र नाही. मी आजीचं एक चित्र काढून घेतलं होतं, बिननथीचं, साधं. पप्पा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, चित्र नको, नाव पुरे. ते बरोबर होतं. कोल्हापूरचा मळा सगळ्या भिंतींवरून खरवडून काढला. त्या जागी मरोळचं फाटक, गटार, दहा मिनिटांची सुट्टी, तेलकट हातांची पोरगी. तुझ्या पत्रातूनच उचललंय, तुझी परवानगी न घेता. सुकटीची दुमड परत सुरू झाली. आणि भाकऱ्या आता मागच्या बाजूला नाही, समोर थापतात, येणाऱ्याला दिसतील अशा.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. निलेशने मुलुंडची तीनही दुकानं सोडली. मला म्हणाला, मॅडम, मला काहीच प्रॉब्लेम नाही, पण माझी गिऱ्हाइकं तशी आहेत. मी म्हटलं, तुझी गिऱ्हाइकं तुझ्यापाशी ठेव. कांदिवलीत एका सोसायटीने वाढदिवसाची मोठी ऑर्डर रद्द केली, कारण सांगितलं नाही. तिथल्याच कॉलेजच्या पोरांना पाटीवर काय लिहिलंय याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना ठेचा कमी पडला की राग येतो. अकराची आठ झाली, आठ नीट चालतायत. यज्ञेश सोडून जाईल असं वाटलं होतं, तो राहिला. परवा त्यानेच एका माणसाला फोनवर पूर्ण नाव दोनदा सांगताना मी ऐकलं.

घाटकोपरची पाटी आज शेवटी लागली. पप्पांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि गल्ल्यावर बसले. एरवी ते ऑफिसात असतात.

दुपारी एकच्या सुमाराला सफारी सूटमधले एक काका आले. जुने गिऱ्हाईक, याच भागात राहतात. 'फोल्डो' झाल्यावरही ते पप्पांना पाटीलच म्हणायचे, हे मला आजच कळलं. पाटीकडे बघत आत आले आणि म्हणाले, "काय पाटील, दुकान विकलंत की काय?"

रांगेत सात-आठ माणसं होती. पप्पा उठून उभे राहिले.

"पाटील कधी नव्हतेच," ते म्हणाले. "मी अंबादास खिल्लारे. आम्ही हिंगोलीचे बौद्ध. ही माझ्या आईची दुमड."

काका म्हणाले, एवढी वर्षं मी तुम्हाला पाटील म्हणत आलो.

"हो. आणि मी ओ देत आलो. ती माझी चूक."

हातातली नोट काकांनी पुन्हा खिशात ठेवली, बरं आहे म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. ते परत येतील की नाही, मला माहीत नाही. मी पप्पांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं ते आता खाली बसतील.

ते बसले नाहीत. पाठमोऱ्या काकांकडे बघितलंसुद्धा नाही. मागे एक मुलगी होती, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, ती जरा बावचळून गेली होती. पप्पा तिच्याकडे वळून म्हणाले, "बोला. ठेचा तिखट की मध्यम?"

तुझी सपना